पडद्यावरचं सूर्यफूल

टेलिफोन एक्सचेंजमध्ये अठ्ठावीस वर्षं घालवलेली बाई आठ दिवस तोंड मिटून बसली, तर घरात काहीतरी भयंकर घडलंय असं खुशाल समजावं. दोन हजार तीनच्या डिसेंबरात मी आठ दिवस नवऱ्याशी बोलले नाही. आमच्या तेहेतीस वर्षांच्या संसारातला हा विक्रम. आधीचा विक्रम दीड तासाचा होता, आणि तोसुद्धा माझा घसा बसला होता म्हणून.

आमच्या ह्यांचं, म्हणजे श्रीपादरावांचं, अगदी उलटं. ते विद्यापीठाच्या ग्रंथालयात होते. तिथे दिवसभर पोरांना ‘हळू’ म्हणून म्हणून त्यांना घरातही तीच सवय. मी जरा रंगात येऊन काही सांगायला लागले की ह्यांचं बोट ओठांवर जाणार. मी ट्रंक कॉलच्या बोर्डावर बसून उज्जैनहून नागपूर आणि नागपूरहून उज्जैन ओरडत आयुष्य काढलं, आणि घरी येऊन हे बोट बघायचं! पुढे नाक्यानाक्यावर एसटीडीचे बूथ झाले, लोक आपले आपणच नंबर फिरवायला लागले, आमचा बोर्ड भंगारात गेला, आणि मी रिटायर होऊन माधव नगरातल्या घरी चोवीस तास त्या बोटासमोर आले.

कॉम्प्युटर आणला तो रुचिरसाठी. रुचिर आमचा एकुलता एक, नोकरीला बंगलोरला. फोनवर तो ‘हो, नाही, बरं’ यापलीकडे बोलत नाही, बापावर गेलाय. पण मेल मात्र लांबलचक लिहितो. त्यानेच जुना कॉम्प्युटर आणून जोडून दिला आणि इंटरनेट सुरू केलं की थेट मेलचंच पान उघडेल अशी व्यवस्था करून गेला. रोज सकाळी साडेआठला मी मेल उघडायची, मोठ्याने वाचायची आणि हे ऐकायचे. तेवढा वेळ बोट खाली असायचं.

एकदा पहाटे साडेपाचला मी पाणी प्यायला उठले. पुढच्या खोलीत उजेड दिसला. डोकावून बघते तर श्रीपादराव कॉम्प्युटरसमोर. अंगात स्वेटर, डोक्याला मफलर, आणि नाक पडद्याला जवळजवळ टेकलेलं. आणि पडद्यावर? सांगायलाही लाज वाटते. अंगावर धड फडकं नसलेल्या गोऱ्या बायका! एक नाही, दोन नाही, सगळ्या पडद्यावर चौकटीच चौकटी आणि प्रत्येक चौकटीत एक. मी खाकरले. हे असे दचकले की टेबलावरचं पाण्याचं भांडं पडलं. घाईघाईने त्यांनी पडद्याचं बटणच बंद केलं.

“काही नाही,” ते म्हणाले. “मेल बघत होतो.”

पहाटे साडेपाचला मेल! तळपायाची आग मस्तकात गेली. पण गंमत अशी की तोंडातून शब्द फुटेना. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले आणि मला रडू यायला लागलं. ज्या माणसाने बसमध्ये शेजारी बाई बसली तर उठून उभं राहायचं, त्याने बासष्टाव्या वर्षी हे करायचं? मग आजवर मी ज्याच्याबरोबर राहिले तो कोण?

दुपारी हे झोपल्यावर मी धीर करून कॉम्प्युटर लावला. मेलचं पान उघडायला गेले, तर आपोआप तेच पान आलं. एक चौकट बंद करावी तर दोन उघडत. मला जयूचं बोलणं आठवलं. जयू माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी, टावर चौकात एका इमारतीच्या माडीवर मुलींना कॉम्प्युटर शिकवते. ती एकदा म्हणाली होती, “मावशी, कंप्यूटर सब याद रखता है. तुम्ही काय काय बघता, सगळं.” म्हणजे ह्यांनी हे इतकं बघितलं होतं की यंत्राच्यासुद्धा अंगवळणी पडलं होतं! मी सरळ प्लग काढला आणि त्या दिवसापासून बोलणं बंद केलं.

बोलणं बंद म्हणजे कसं, तर ‘चहा ठेवलाय’ हे मी भिंतीला सांगायची. ‘दूधवाला आलाय’ हे तुळशीला. प्लग ह्यांनी परत लावला होता, पण रुचिरचं मेल आता मी मनातल्या मनातच वाचायची. भांडी मात्र दणादण आपटायची. वाटलं होतं, दोन दिवसांत विचारतील, काय झालं म्हणून. विचारलं की मी सगळं बाहेर काढणार होते. पण हे एका शब्दाने विचारीनात! उलट फारच गोड वागायला लागले. स्वतः भाजी निवडून ठेवायचे. एकदा तर माझ्यासाठी फ्रीगंजच्या बाजारातून गरम कचोरी घेऊन आले. मी मनात म्हटलं, बघा, खाई त्याला खवखवे. कचोरी मी खाल्ली, पण बोलले नाही. आणि रोज पहाटे साडेपाचला पुढच्या खोलीतला दिवा लागतच होता. मी पांघरुणात डोळे उघडे ठेवून तो उजेड बघत पडायची. आता यांच्याबरोबर जन्माचं उरलेलं कसं काढायचं, एवढा एकच प्रश्न डोक्यात असायचा.

नवव्या दिवशी ह्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. नोव्हेंबरात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, आता चष्म्याचा कायमचा नंबर मिळणार होता. ते फाटकाबाहेर पडताच मी जयूला फोन केला.

“लगेच ये. आणि काकांना कळता कामा नये.”

“क्या हुआ मावशी? तब्येत तो ठीक है?”

“तब्येतीला काही होत नाही कुणाच्या. तू ये.”

जयू आली. आता चाळिशीची आहे, पण अजून लूना दामटत येते आणि चप्पल न काढताच बोलायला लागते. मी तिला सगळं सांगितलं. सांगताना नजर जमिनीकडे होती. भाचीला नवऱ्याचं हे सांगायचं म्हणजे काय, ते सांगणारीलाच माहीत. ऐकून ती हसली नाही, हे तिचे उपकार.

“मला एवढंच कळायला हवं,” मी म्हटलं, “की हे कुणी आणलं. ह्यांनी आणलं असेल तर तसं सांग. मी ऐकून घेईन.”

“मावशी, टेन्शन नको घेऊ. हे न बघतासुद्धा येतं. आमच्या क्लासच्या चार मशीनमध्ये आलं होतं, आणि तिथे सगळ्या पोरी नि मी.” तिने आधी टेलिफोनची वायर काढली. “पहिलं काम हे. बाहेरून नवीन काही यायला नको.”

मग तिने सेटिंगमध्ये जाऊन सुरुवातीचं पान बदललं, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला. सुरुवातीच्या पानाच्या जागी तोच जुना पत्ता हजर! फोनची वायर काढलेली असल्याने बायका तेवढ्या दिसल्या नाहीत.

“देखा? आपण बदललं तरी आत कुणीतरी बसलंय, ते परत फिरवतंय. पान बदलून उपयोग नाही, त्याला बाहेर काढायला हवं.”

तिने पुन्हा बंद करून लावताना एक बटण दाबून धरलं. पडदा काळा झाला, मग मोठमोठ्या अक्षरांत उघडला. असं लावलं की फक्त गरजेच्या वस्तू जाग्या होतात, चोर झोपलेला राहतो, असं तिने सांगितलं. मग एक यादी उघडली. कॉम्प्युटरमध्ये जे जे बसवलंय त्याची. रुचिरने बसवलेलं सगळं तिला माहीत होतं. उरली तीन नावं. तिने पहिल्या नावाचा कप्पा शोधून काढला आणि म्हणाली, “हे कधी आलं ती तारीख इथे असते. बाकीचे दोन याच्याच पाठीमागे एकेका मिनिटाने आलेत. म्हणजे यानेच त्यांना आत घेतलं.”

“तारीख सांग,” मी म्हटलं.

“चौदा नोव्हेंबर. सकाळी अकरा वीस.”

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेले. नोव्हेंबरचं पान उलटलं. अकरा तारखेला माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: ह्यांचं ऑपरेशन. आणि एकोणीसला: पट्टी काढणे.

“जयू,” मी म्हटलं, “चौदाला ह्यांच्या डोळ्याला पट्टी होती. उजव्या डोळ्याला पट्टी, आणि डाव्याने तर त्यांना माझं तोंडही नीट दिसत नव्हतं. ते आतल्या खोलीत पडून होते.”

“मग घरात कोण होतं?”

मी कॅलेंडरचं पान सोडलं. मला आठवलं.

ऑपरेशनच्या आधी श्रीपादराव एकदाच कुरकुरले होते. म्हणाले होते, “तो पडद्यावरचा बाण सापडतच नाही मला. पांढऱ्यावर पांढरा.” एवढंच. मग विषय सोडून दिला. चौदा तारखेला रुचिरचं मेल वाचून झाल्यावर मी इकडे तिकडे बघत होते, तर एका पानावर चित्र होतं. बाणाच्या जागी मोठ्ठं पिवळं सूर्यफूल, फुकट! मला वाटलं, पट्टी निघाल्यावर हे बसतील तेव्हा त्यांना ते लांबूनही दिसेल. मी दाबलं. एक चौकट आली, इंग्रजीत, बारीक अक्षरांत पानभर मजकूर, खाली ‘हो’ आणि ‘नाही’. मी ‘हो’ दाबलं. दुसरी आली. हो. तिसरी, चौथी, हो, हो. आतून ह्यांनी विचारलंसुद्धा होतं, “काय चाललंय?” आणि मी म्हटलं होतं, “काही नाही, तुमची सोय करतेय.”

“वाचलं नाहीस?” जयूने विचारलं.

“अगं, अठ्ठावीस वर्षं मी काय केलं? बोर्डावर दिवा लागला की कॉर्ड उचलायची, खोचायची, ‘हां जी, बोलिए’ म्हणायचं. कोण बोलतंय, काय बोलतंय, ते ऐकायचं नाही. दिवा लागला आणि जोडला नाही तर सुपरवायझर मेमो द्यायचा. माझ्या हाताला ‘नाही’ ठाऊकच नाही.”

आता मात्र जयू हसली. टेबलावर डोकं टेकून हसली. आणि मी खुर्चीत बसले आणि माझा जीव अक्षरशः भांड्यात पडला. चूक माझी होती, शंभर टक्के माझी, आणि मला इतका आनंद झाला होता की उठून साखर वाटावीशी वाटत होती. माझा माणूस तोच होता. बसमध्ये उठून उभा राहणारा.

“पण मग पहाटे उठून बघायचे ते काय?” मी विचारलं.

“ते त्यांनाच विचार. आधी हे काढू.”

काढणंही सोपं नव्हतं. पहिलं नाव काढायला गेलं तर पुन्हा एक चौकट आली. जयूने माझा हात धरला. “आता तू वाच. पूर्ण.” मी वाचलं. त्यात विचारलं होतं की तुम्हाला ही भेट ठेवायची आहे ना? घाईने ‘हो’ दाबलं की ते राहणार. लबाडांनी प्रश्नच उलटा केला होता. मी आयुष्यात पहिल्यांदा ‘नाही’ दाबलं. तिन्ही नावं गेली. मग जयूने क्लासातून आणलेली सीडी घातली. तिच्यातल्या सफाईच्या प्रोग्रामने अर्धा तास घरघर करत आणखी एकशे त्रेचाळीस वस्तू शोधल्या आणि पुसल्या. एकशे त्रेचाळीस! मी चार वेळा ‘हो’ म्हटलं होतं फक्त.

“आणि हे बघ,” जयू म्हणाली, “अशी चौकट मधेच उपटली तर ‘नाही’सुद्धा दाबायचं नाही. कधीकधी ‘नाही’च्या आत ‘हो’ असतं. सरळ ऑल्ट धरून एफ चार दाब. चौकटच बंद. फुकट काही आवडलं तर आधी मला फोन. पक्का?”

“पक्का.”

फोनची वायर लावली. मेलचं पान उघडलं, शहाण्यासारखं. पडद्यावर फक्त बारका पांढरा बाण होता. सूर्यफूल गेलं होतं.

इतक्यात फाटक वाजलं. श्रीपादराव आले, हातात चिठ्ठी. जयूची लूना बाहेर बघूनच त्यांना कळलं असावं. दारातूनच त्यांनी विचारलं, “फूल काढलंत का?”

बायकांचं नाही, चौकटींचं नाही. फुलाचं विचारलं.

“काढलं,” मी म्हटलं. आठ दिवसांनी ह्यांच्याशी बोललेला हा पहिला शब्द. “त्याच्यातूनच ते सगळं येत होतं.”

“माहीत आहे.”

“माहीत आहे?”

“पडद्याच्या वरच्या बाजूला ती नवीन पट्टी आली होती ना, तिच्या कोपऱ्यात तसंच फूल होतं. डोळ्याची पट्टी काढल्यावर दोन-चार दिवसांनी त्या चौकटी यायला लागल्या, तेव्हाच कळलं मला.” ते सावकाश खुर्चीवर बसले. “बाकी अक्षरं दिसत नव्हती, पण पिवळं दिसायचं.”

“मग सांगितलं का नाही? रुचिरला तरी विचारायचं, काढून टाकायचं!”

“काढलं असतं तर फूलही गेलं असतं,” ते म्हणाले. “तू माझ्यासाठी लावलं होतंस.”

जयू उगीचच सीडी पुसत बसली.

“आणि पहाटे?” मी कसंबसं विचारलं.

“तुला आठ-साडेआठला मेल वाचायचं असतं. सकाळी पहिल्यांदा लावलं की ते सगळं एकदम उघडायचं. सगळं बंद करून मेलचं पान लावून ठेवलं की मग दुपारपर्यंत फारसं येत नसे. तुझ्यासमोर तसलं उघडायला नको म्हणून मी आधी उठून एकेक बंद करायचो. ती बंद करायची फुली फार बारीक असते, नाक लावल्याशिवाय दिसायची नाही.”

म्हणजे माझा नवरा डिसेंबरच्या थंडीत, अर्ध्या डोळ्याने, रोज तासभर त्या बायका एकेक करून घराबाहेर घालवत होता, मला रुचिरचं मेल नीट वाचता यावं म्हणून. आणि मी तुळशीला दूधवाल्याची बातमी सांगत होते.

“अहो, मला वाटलं तुम्ही...” मी म्हटलं आणि पुढचं बोलताच येईना. पण सांगायला हवं होतं. “मला वाटलं, तुम्ही ते बघता. म्हणून बोलत नव्हते.”

श्रीपादरावांनी माझ्याकडे बघितलं. आधी त्यांना कळलंच नाही. मग कळलं, आणि त्यांचे कान लाल झाले.

“असं होय,” ते म्हणाले. “मला वाटलं, तुला तुझी चूक कळली आणि वाईट वाटतंय, म्हणून गप्प आहेस. म्हणून मी विषय काढला नाही. म्हटलं, कशाला आणखी लाजवायचं.”

कचोरीचा अर्थ आत्ता लागला. मी तोंडाला पदर लावला आणि हसतेय की रडतेय ते माझं मलाच समजेना. जयू मात्र सरळ रडली, आणि वर म्हणते, “काका, आप भी ना!”

मग डोळे पुसून तिने कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये काहीतरी शोधलं. बाण कसला हवा, याची यादी त्यातच होती, पहिल्यापासून, फुकट, कुणालाही आत न घेता. तिने एक निवडला. पडद्यावर जाडजूड काळाकुट्ट बाण आला.

“दिसतो का काका?”

ह्यांनी माऊस हलवून बघितला. नाक पडद्यापासून हातभर लांब होतं. “दिसतो,” ते म्हणाले. “पण फूल बरं होतं.”

जयू गेल्यावर मी चहा केला, त्यांच्या हातात दिला, आणि बोलायला सुरुवात केली. आठ दिवसांचं साचलेलं होतं. दूधवाल्याचं, शेजारच्या श्रीनाथच्या नव्या स्कूटरचं, एकशे त्रेचाळीस वस्तूंचं, आणि मला पांघरुणात काय काय वाटलं होतं त्याचं. रंगात येऊन आवाज चांगलाच चढला. मधेच माझं त्यांच्या हाताकडे लक्ष गेलं. बोट कपाच्या कानातच होतं. चहा कधीचा संपला होता, तरी त्यांनी कप खाली ठेवला नाही.